पायथ्याची काळी

उन्हाळ्यात म्हैस गायरानात चरायला नेताना आई पुढे चालायची आणि हातातली काठी जमिनीवर आपटत जायची. सापासाठी नव्हे. तिथल्या भेगा वाळलेल्या गवताखाली झाकलेल्या असत, आणि शेजारच्या चुलतीच्या रेडकाचा पाय एकदा भेगेत अडकून मोडला होता. तेव्हापासून आई काठीनं आधी जमीन चाचपायची, मग म्हशीला पुढे घ्यायची. मला लहानपणी वाटायचं, जमीन म्हटली की ती उन्हाळ्यात अशी उकलणारच.

आमचं गाव मुरगूडच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगर फार उंच नाही. वरच्या अंगाला नुसता मुरूम. तिथं टिकाव मारला तर खण्ण वाजतो आणि हाताला झिणझिण्या येतात. खाली येऊ तशी माती वाढत जाते, आणि पायथ्याच्या सपाटीवर ती काळीभोर, खोल होते. वरून पायथ्यापर्यंत सगळं गायरान. मुरमावर कुसळं, काळीत कमरेएवढं गवत.

जुनी माणसं गावाच्या जमिनीचे दोनच भाग सांगत. पीक येतं ती काळी, घरं उभी राहतात ती पांढरी. आमच्या बौद्धवाड्याच्या वाट्याला यातलं धड काहीच आलं नव्हतं. शेती कुणालाच नव्हती, आणि घरं ओढ्याच्या काठाला, पांढरीच्या बाहेर. पावसाळ्यात ओढा चढला की आम्ही भांडी फळीवर ठेवायचो आणि धाकट्या भावाला पोत्यांच्या थप्पीवर बसवायचो. त्याला ती मजा वाटायची.

आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर दुसऱ्यांच्या काळीत राबले. उसाची लागण, भरणी, तोड. संध्याकाळी ते घरी आले की पायांना माती इतकी चिकटलेली असायची की आधी दगडानं खरवडायची, मग धुवायची. आई म्हणायची, "एवढी माती रोज आणतासा, साठवली असती तर आपलं एक वावर झालं असतं." आबा हसायचे. पण ते हसणं मला तेव्हाही पूर्ण वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूरला शेतीच्या कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. मंगळवार पेठेत आत्याच्या दोन खोल्यांत राहायचे. वर्गात मी फारसं बोलत नसे. आमच्याकडच्या मुली बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात, आणि बाहेरगावच्या मुली त्याला हसायच्या. त्यामुळे प्रश्न मनात आला तरी मी तो आधी मनातल्या मनात नीट लावून बघायचे, आणि तोवर तास संपायचा.

दुसऱ्या वर्षी मातीचा विषय आला. आमचे सर आम्हाला कॉलेजच्या शेतावर एका खड्ड्यात उतरवायचे. पुरुषभर खोल खड्डा, एक बाजू तासून सरळ केलेली. सर म्हणायचे, "नाव शेवटी द्यायचं. आधी बघायचं." आम्ही वरून खाली थर बघायचो. मातीचं ओलं ढेकूळ रंगांच्या पुस्तिकेतल्या चौकोनांशेजारी धरायचो. ओली माती अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढायचो. पट्टी न तुटता लांब निघाली की चिकणमाती जास्त. सौम्य ॲसिडचा थेंब टाकायचो; फसफसली की चुनखडी आहे. एवढं सगळं झाल्यावर मग वर्ग ठरवायचा.

एकदा सर आम्हाला काळ्या मातीच्या एका खोल खड्ड्यात घेऊन गेले. खालच्या थरातलं ढेकूळ त्यांनी हळूच सोडवून काढलं. ते पाचरीसारखं होतं, आणि त्याची एक बाजू चकचकीत, जणू कुणी तेलाच्या हातानं घोटलेली. सर म्हणाले, "ही चकाकी कशाची, सांगा." कुणी म्हणालं पाण्याची, कुणी म्हणालं खताची. मग त्यांनी सांगितलं. या मातीतली चिकणमाती फार बारीक पापुद्र्यांची असते. पावसाळ्यात पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जातं, माती आकसते, भेगा पडतात. वरचा भुगा त्या भेगांत पडतो. पुढच्या पावसात माती पुन्हा फुगू बघते, पण आता आत जागा नसते. मग खालची ढेकळं एकमेकांवर घासत सरकतात, आणि घासून घासून अशी गुळगुळीत होतात. "म्हणजे ही जमीन दरवर्षी थोडी थोडी जागची हलते," सर म्हणाले. खोली पुरेशी, तीसेक टक्के किंवा जास्त चिकणमाती, वर्षातून एकदा उघडणाऱ्या भेगा आणि खाली ही चकाकी किंवा पाचरीसारखी ढेकळं: एवढं जुळलं की तिचं नाव व्हर्टिसॉल. उलटणारी, फिरणारी माती.

मी ते ढेकूळ हातात घेतलं आणि मला आईची काठी आठवली.

त्याच वर्षी गावात बौद्धवाड्याला नवीन जागा देण्याचं ठरत होतं. ओढ्यानं दोन घरं नेली होती, तेव्हा ग्रामपंचायतीनं गायरानातले दोन तुकडे पुढे केले. एक वरचा, मुरमाचा. एक खालचा, पायथ्याच्या काळीतला, रस्त्याला लागून. वाड्यानं यातला एक निवडायचा होता. सरपंच वरच्या तुकड्याची फार तारीफ करत होते. "वर हवा चांगली, पाणी घरात शिरायचं न्हाय." आणि ते जितकी तारीफ करतील तितकं आमच्या वाड्याला वाटत होतं की खालचाच घ्यावा. आजवर आम्हाला मिळालं ते दगड-धोंड्यातलं आणि पाण्याच्या तोंडचं. आता काळी समोर आली आहे तर ती का सोडायची? काळी घेऊ या, असं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं आबाच म्हणाले होते. ते एका रविवारी खालच्या तुकड्यात जाऊन चार दगड रोवूनही आले होते. इथं घर, इथं दार, दारात लिंबू. काही ठरायच्या आतच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी आले. आबा मला आधी ते चार दगडच दाखवायला घेऊन गेले.

"बघ. घराच्या चारी बाजूला काळी. परसात मेथी टाकली तरी येतीया. आन् ही कुणाच्या बाची न्हाय. आपली."

मी खाली बघत होते. दगडांच्या मधून एक भेग गेली होती, माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी. जमीन सपाट म्हणायचे सगळे, पण नीट बघितलं तर बारीक उंचवटे आणि खळगे होते. थोड्या अंतरावर जनावरांचा पाण्याचा हौद होता. पंचायतीनं बांधला त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो मधोमध चिरला होता. गावानं सगळा दोष ठेकेदाराला दिला होता, त्यानं सिमेंट खाल्लं म्हणून. तो तसाही खाणाराच होता. पण हौदाची चीर त्या भेगेच्याच रेषेत होती. कडेचा विजेचा खांबही कललेला होता. हे सगळं मी जन्मापासून बघत आले होते, आणि मला ते कधी एका ओळीत दिसलं नव्हतं.

 आबांचा चेहरा बघून मला तिथं बोलवेना.

जेवताना मी विषय काढला. आधी पाणी मागितलं, मग मीठ, मग म्हणाले.

"आबा, खालच्या तुकड्यात घर नको."

"का गं?"

"ती माती फुगती आन् आकसती. भिंतीला चिरा पडत्यात. आमच्या सरांनी खड्डा खणून दावलंय."

आबांनी घास खाली ठेवला. "जुनी मातीची घरं पडत हुती. आपण सिमेंटचं बांधणार हाय."

"सिमेंटला बी पडत्यात. हौद बघा की."

"हौद ठेकेदारानं खाल्ला."

आई मध्ये म्हणाली, "जेवा की आधी." पण आबा थांबले नाहीत. ते आवाज चढवत नव्हते, त्यामुळे जास्तच लागलं. "सरपंच म्हणतोय वर जावा. आता तू बी म्हंतीस वर जावा. कोल्हापूरला जाऊन तू पंचायतीची बोली बोलाय लागलीस व्हय?"

मला रडू आलं नाही, पण जेवण पुढे गेलं नाही.  सरपंचांनी वरचा तुकडा कशासाठी सुचवला होता, हे मलाही दिसत होतं. खालच्या काळीवर उसासाठी डोळा ठेवून असलेली माणसं गावात होतीच. आणि तरीही वरचीच जागा घराला बरी होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्या एकत्र कशा सांगायच्या हे पुस्तकात नव्हतं.

सकाळी आबा अंगणात टिकाव, खोरं आणि पाटी काढून उभे होते.

"चल. तुझा सर खड्डा खणतोय म्हणालीस न्हवं? आपण बी खणू. काय दिसतंय ते मला दाव."

आम्ही चार दगडांच्या मधोमध खड्डा घ्यायला लागलो. आबा खणायचे, मी पाटी भरायचे. वरची वीतभर माती भुगा होती, खाली दगडासारखी टणक. उन्हं वर आली तशी वाड्यातली माणसं जमली. कुणी गवतावर बसलं, कुणी उभं राहूनच शेरे मारायला लागलं.

"काय आबा, विहीर काढतासा काय?"

"न्हाय, पोरीची परीक्षा हाय."

"पोरीनं बाला खड्ड्यात घातलं की!"

सगळे हसले. आबाही हसले, पण टिकाव थांबला नाही. दुपारपर्यंत ते छातीइतके आत गेले होते. काळी संपायचं नाव घेत नव्हती. मध्ये मध्ये चुनखडीचे पांढरे खडे, बाकी सगळी तीच. मी आत उतरले. सरांसारखी एक बाजू तासायचा प्रयत्न केला. ती चकाकी सापडली नाही तर काय, हे मला माहीत नव्हतं. मग एक ढेकूळ सुटलं. पाचरीसारखं. मी ते उलटं केलं. एक बाजू चकचकीत, आणि तिच्यावर बारीक रेघा, घासल्याच्या.

मी ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हे कुणी घासलं?"

"मातीनंच. फुगल्यावर सरकती. घर वर असलं तर घराला बी घेऊन सरकती."

वर उभ्या माणसांना मी पापुद्रे, पाणी, फुगणं असं सगळं सांगायला गेले. ते जमलं नाही. वाड्यातले एक चुलते म्हणाले, "आगं, एवढा ऊस उभा राहतोय ह्या मातीत, घर न्हाय व्हय राहायचं?" आणि त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात शब्द अडकायला लागले. वर्गात अडकायचे तसेच.

मग मला कडेला बसलेल्या बायका दिसल्या. आईही त्यांच्यात होती. मी खड्ड्यातूनच विचारलं, "चुलती, चुलीला माती कुठनं आणतासा?"

"वरच्या पांदीची. तांबडी."

"इथली का न्हाय? ही तर जवळ हाय."

चुलती म्हणाली, "ह्या मातीची चूल कोण घालंल? वाळली की उकलती. नुसत्या ह्या मातीची घातली तर दुसऱ्या दिवशी तव्याखाली दोन फाका."

"मग घर कशाला घालतासा?"

 मग चुलती स्वतःशीच हसायला लागली, तोंडाला पदर लावून. "आगं बया! चूल न्हाय घालत आन् घर घालाय निघालो की!" तिच्या नवऱ्यानं तिला गप बसायला सांगितलं, तशी ती आणखी मोठ्यानं हसली. "तुमी गप बसा. चिरलेली चूल लिंपाय तुमी येतासा काय?"

हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्यांना नवीन काही सांगायचंच नव्हतं. चुलीच्या वेळी ती माती माती होती. घराच्या वेळी ती काळी होती, आणि काळी नको म्हणणं आमच्या माणसांना जमत नव्हतं.

आबा खड्ड्यातून बाहेर आले आणि टिकाव खांद्यावर घेऊन घराकडे निघाले. माझ्याशी दोन दिवस ते कामापुरतंच बोलले. मला वाटत होतं, आपण बरोबर असून काहीतरी मोडलं आहे. मी आईला तसं म्हणाले. ती म्हशीखाली बसली होती. धारेचा आवाज न थांबवता म्हणाली, "त्यांस्नी माती कळली. दगड उपटायचं कळंना झालंय. थांब जरा."

रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक होती. पुरुष पुढे, बायका दाराजवळ. मी आईच्या मागे. बोलायला कुणी सांगितलं तर मी बोलणार होते, पण मनातून वाटत होतं, कुणी सांगू नये. आबाच उठले.

"खालचा घेऊ या म्हणून मीच वरडत हुतो. दगड बी रोवलं. आता म्हणतोय, घरं वर बांधू या."

मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंचाचा च्या प्यालासा काय?"

"प्यालो न्हाय. पाजला तर पितो. पण ऐका. घरं वर. आन् खालची काळी कुणालाच न्हाय. उसाला न्हाय, सोसायटीला न्हाय, सरपंचाच्या पावण्यास्नी तर न्हायच न्हाय. ती गायरान म्हणूनच राहणार. आमच्या म्हशी तिथं चरणार. हे पंचायतीनं ठरावात लिहून दिलं तर आम्ही वर जातो. न्हाय तर आम्ही चिरलेल्या घरात राहतो, पण काळी सोडत न्हाय."

बैठक लांबली. भांडणंही झाली. पण शेवटी वाड्यानं हेच ठरवलं. ग्रामसभेत सरपंचांनी आधी 'बघू, करू' केलं. काळीवर डोळा असलेले दोघेजण म्हणाले, ठरावात असलं काही लिहीत नसतात. आबा आणि वाड्यातली माणसं सभा संपली तरी उठली नाहीत, आणि बायका दारात बसून राहिल्या. ठराव लिहिला गेला. सरपंच हसत म्हणाले, "काळी नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पयल्यांदाच बघतोय." आबा म्हणाले, "नको कोण म्हणतंय? ठेवा म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी आबा खालच्या तुकड्यातले चार दगड उपटायला एकटेच गेले. मी मागून गेले, पण जवळ नाही गेले. त्यांनी आधी आम्ही खणलेला खड्डा भरून टाकला, जनावर पडू नये म्हणून. मग एकेक दगड वरच्या उतारावर वाहून नेला. शेवटच्या दगडाच्या वेळी ते थोडा वेळ तिथंच बसले. मग उठले.

घर व्हायला दोन-तीन वर्षं लागली. तोवर मी शेवटच्या वर्षाला होते. मुरमात पाया खणताना आबांच्या हाताला फोड आले, पण पाया उथळच लागला. दोन खोल्या, पुढे पडवी. ओढा आता खाली लांब, रात्रीच्या पावसात नुसता आवाज यायचा.

मी मातीवर पुढे आणखी शिकले. आता कामासाठी गावोगावच्या गायरानांत खड्डे घेते, आणि पायथ्याच्या खोल काळीचा वर्ग लिहिताना 'वापर' या रकान्यात 'चराऊ कुरण' असं लिहिते. तो शब्द लिहिताना मला दरवेळी थोडं थांबावंसं वाटतं. कागदावर ती जमिनीची एक जात असते. ती तशी राहावी म्हणून कुणीतरी आपली इच्छा सोडलेली असते, त्याला रकाना नसतो. हे सरांना सांगावं असं पुष्कळदा वाटलं. अजून सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले तर आबांनी मला आधी घराची एक चीर दाखवली. खिडकीच्या खाली, नखाएवढी.

"ही कशाची? माती तर हलत न्हाय म्हणालीस."

मी वाकून बघितलं. "ही गवंड्याची."

"मग बरोबर हाय," आबा म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

दारासमोर त्यांनी एक आळं केलं आहे. मुरूम टिकावानं फोडून घमेल्याएवढा खळगा, कडेला दगड. त्यातले तीन जुनेच. चौथ्यावर आई कपडे धुते. आळ्यात खालून पाट्या पाट्यांनी आणलेली काळी, आणि तिच्यात लिंबाचं झाड, माझ्या खांद्याएवढं. सरपंच बदलले तरी गायरान अजून गायरान आहे. पाटीभर माती घ्यायला तिथं कुणी अडवत नाही.

आळ्यातली माती उन्हानं उकलली होती. दोन बोटं जातील एवढी भेग, झाडाच्या बुंध्यापासून दगडापर्यंत गेलेली. मी ती बघत असताना आबा आतून तांब्या घेऊन आले. त्यांनी पाणी भेगेत ओतलं नाही. भेगेच्या कडेनं, बारीक धारेनं, हळूहळू ओतलं.

"एकदम ओतलं तर नुसतं खाली जातंय," ते म्हणाले. "अशी फुगू द्यायची. सांजच्याला मिटती."

मग दोघंही तिथंच, दाराच्या पायरीवर बसलो. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. खाली गायरानात कुणाच्या तरी म्हशी चरत होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणीतरी काठी आपटत चाललं होतं.